जळक्या ऑइलचा वास

भिंगार ओलांडलं की मला गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. काम पुढे तिसगावला असतं, अक्काकडे, निघायला आधीच उशीर झालेला असतो, तरी पाय ब्रेकवर जातोच. छावणीच्या गोल्फ मैदानाला आता उंच जाळीचं कुंपण आहे आणि आत पाण्याचे फवारे गरगर फिरत असतात. सगळं हिरवंगार. मला ते बघवत नाही आणि न बघता पुढेही जाववत नाही. पहाऱ्यावरच्या जवानाने आज माझ्याकडे दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा हातानेच निघायची खूण केली. मी किल्ली फिरवली आणि गाडी परत बंद केली. शेजारच्या सीटवर फोटोंचं पाकीट होतं. गेल्या महिन्यात अक्काला घेऊन आम्ही आठ दिवस आल्प्सच्या एका दरीत गोल्फ खेळायला गेलो होतो, त्याचे फोटो. ते अक्काला द्यायचे हे निमित्त. खरं काम वेगळंच होतं. तिला एक गोष्ट सांगायची होती. ती मी बावन्न वर्षं सांगितली नव्हती आणि त्या आठ दिवसांतही माझ्या तोंडून निघाली नव्हती.

माझ्या लहानपणी हे मैदान म्हणजे नुसता माळ होता. पावसाळ्याचे दोन-तीन महिने गवत, नंतर पिवळी कुसळं, आणि फाल्गुन लागला की उघडी मुरमाड जमीन. नाना, म्हणजे माझे वडील, मैदानाच्या कचेरीत कारकून होते. पत्र्याची खोली, तीन लाकडी कपाटं, पाण्याचा माठ आणि टेबलावर हाताने रेघा मारलेली वही. कडेला तरवडाची झुडपं होती, त्यांच्या पिवळ्या फुलांवरून कायम वारा वाहायचा. नगरचा वारा ज्याने खाल्लाय त्याला तो सांगावा लागत नाही. डोळ्यांत, दातांत, डब्यातल्या भाकरीवर, सगळीकडे धूळ. टिटव्या मुरमातच अंडी घालायच्या आणि कोणी जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करायच्या. खेळणाऱ्या साहेबांना त्यांचा फार राग यायचा. आम्हाला त्यांच्याशिवाय मैदान सुनं वाटायचं.

गोल्फमध्ये शेवटी जिथे चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा असतो तिथे जगभर मऊ हिरवळ असते. आमच्याकडे हिरवळीला पाणी कुठून आणणार? प्यायच्या पाण्याची मारामार. म्हणून आमच्याकडे वाळूचे गोल असायचे. नदीची वाळू बारीक चाळायची, गाड्यांच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल तिच्यात कालवायचं आणि अंगण सारवावं तसं ते गोलात पसरून घोटायचं. तेलाने वाळू जड व्हायची, वाऱ्याला दाद द्यायची नाही. रंग काळपट तपकिरी, म्हणून त्याला सगळे ब्राऊन म्हणत. साहेब म्हणत, नाना म्हणत, आणि ज्याला इंग्रजी एवढा एकच शब्द येत होता तो बाबूराव माळीही म्हणे.

उन्हं चढली की त्या अठरा गोलांवरून जो वास उठायचा, तो मला आजही कुठल्याही गॅरेजसमोरून जाताना जागच्या जागी धरतो. तापलेलं तेल, ओली वाळू आणि गोणपाट. नाना घरी आले की आधी तो वास आत यायचा, मागून नाना. आईला तो मुळीच सोसायचा नाही. नानांचे कपडे ती वेगळे भिजवायची. अक्काच्या केसांनाही तो यायचा, शिकेकाई लावली तरी जायचा नाही, आणि अक्काला त्याचं काही वाटायचं नाही.

सोमवारी मैदान बंद असायचं. त्या दिवशी ब्राऊनवर नवं तेल पडायचं, आणि शाळेला सुटी असली की नाना आम्हा दोघांना सायकलवर घेऊन यायचे, मी पुढे दांडीवर, अक्का मागे. वाळू चाळायला मदत करायची आणि मग ऊन तापेपर्यंत खेळायचं, असा करार होता. काठ्या साहेबांनी टाकून दिलेल्या. त्यांच्या मुठीला नानांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. चेंडू चिरलेले. एखादा अगदीच फाटला की तो माझा, कारण त्या काळच्या चेंडूत आत रबराचा बारीक दोरा गच्च गुंडाळलेला असायचा. मी एका टोकाला धरायचो आणि उलगडत उलगडत कचेरीपासून पार तरवडापर्यंत जायचो. दोरा संपायचाच नाही. अख्खी सकाळ एका चेंडूत निघायची.

अक्का मात्र खेळायची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, चौदाची. वेणी मध्ये येऊ नये म्हणून वेणीचं टोक दातात धरायची, एकदा समोर बघायची, एकदा चेंडूकडे, आणि मग तो आवाज यायचा. चांगल्या बसलेल्या फटक्याचा आवाज कोरडा आणि लहान असतो. साहेबांपैकी फार थोड्यांचा यायचा तसा. तिला कुणी शिकवलं नव्हतं. नाना लांबून बघत उभे राहायचे, हातातला कागद तसाच. एकदा ते बाबूरावला म्हणाले, "हिला पाठवायला पाहिजे कुठेतरी." कुठे पाठवायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण असं वाक्य बोलताना मी नानांना दुसऱ्या कोणाबद्दलही ऐकलं नाही, माझ्याबद्दल तर नाहीच नाही.

ब्राऊनची एक रीत होती. तेलकट वाळूवर पाऊल उमटतं, चेंडूची रेघही उमटते. म्हणून ज्याचा चेंडू सगळ्यांत शेवटी खड्ड्यात पडेल त्याने गोणपाटाचा तुकडा दोरीने ओढत, खड्ड्यापासून सुरू करून गोल गोल बाहेर यायचं आणि सगळ्या खुणा पुसून टाकायच्या. मागून येणाऱ्याला कोरी वाळू मिळाली पाहिजे. गोणपाट ओढणारा बहुतेक वेळा मीच. बाबूराव त्याआधी उकिडवा बसून पावलं वाचायचा.

"हे बघ तायडीचं. टाच रुतलीय. दमानं उबी ऱ्हायली हुती," तो अक्काला म्हणायचा. मग माझ्याकडे वळायचा. "आन् हे तुजं. लई नाचलायस बाबा. चेंडू काय पळून चालला हुता व्हय?"

अक्का हसायची. मी गोणपाट ओढत राहायचो, आणि माझी पावलं जरा जास्तच जोर लावून पुसायचो.

एका सोमवारी एक तरुण अधिकारी एकटाच सरावाला आला. त्याने अक्काचा फटका पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. स्वतःची चकचकीत काठी तिच्या हातात दिली. तिने त्या काठीने मारला तो चेंडू आम्हाला कितीतरी वेळ सापडला नाही. शनिवारी अधिकाऱ्यांच्या घरच्या बायका खेळतात, त्यांच्यात ये, असं तो तिला मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. नाना कचेरीत होते, त्यांना हे ठाऊक नव्हतं. अक्का ते सगळं नीट जुळवून त्यांना सांगणार होती. ती काठी मी तिच्याकडे एकदा मागितली. तिने दिली नाही.

त्या दिवशी शेवगावची आत्या आलेली होती. संध्याकाळी नाना, आई, आत्या आणि मी स्वयंपाकघरात होतो. अक्का नळावर पाण्याच्या रांगेत होती. मी म्हणालो, "अक्का आज एका साहेबांबरोबर खेळत होती." आईचं भाकरी थापणं चालूच राहिलं. मग मी म्हणालो, "आणि हसत होती."

नऊ वर्षांच्या पोराला काय कळतंय, असं म्हणायची सोय आहे. ती मी पुष्कळ वर्षं वापरली. पण मला कळत होतं. पहिल्या वाक्याने काही झालं नाही हे बघूनच मी दुसरं वाक्य बोललो होतो.

आत्या काय काय बोलली ते आता लिहीत नाही. अक्का दोन हंडे घेऊन आत आली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. नाना माळ्यावर काठ्या टाकत होते. तिने विचारलं, "का?" नाना म्हणाले, "मला योग्य वाटत नाही." ती म्हणाली, "कोणी काही बोललं का?" नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "नाही. मीच ठरवलंय." ते शिडीवरून उतरले आणि हात धुवायला गेले. त्या रात्री मी पोटभर जेवलो, हेही मला आठवतं.

त्यानंतर अक्का मैदानावर आली नाही. पुढे डी.एड. झाली, तिसगावला शाळेवर लागली, तिथेच तिचं लग्न झालं. सगळं रीतसर. पण नानांना तिने पुन्हा कधी "नाना" म्हणून हाक मारली नाही. उलट बोलायची नाही, औषधपाणी बघायची, दिवाळीला घरी यायची, पाया पडायची. फक्त ती हाक गेली. "चहा ठेवलाय" म्हणायची, "नाना, चहा" नाही. इतक्या बारीक गोष्टीकडे घरात कोणाचं लक्ष जाणार? नानांचं होतं. ती येणार असली की ते सकाळपासून आत-बाहेर करायचे, आणि ती गेली की आपल्या खोलीत जाऊन बसायचे.

बारा वर्षांपूर्वी नाना दवाखान्यात होते. मी उशाशी बसून होतो. म्हणालो, "मी तिला सांगतो. आता तरी सांगतो." नानांनी डोळे उघडले. "नको," म्हणाले. "माझं काय राहिलंय आता. तुम्हा दोघांचं तरी नीट राहू दे." तो माझा परवाना झाला. नानांची शेवटची इच्छा म्हटली की कोणी काही विचारत नाही. स्वतःचं मनही विचारत नाही. निदान काही वर्षं तरी.

मी गोल्फ फार उशिरा, पुण्यात, कंपनीच्या कृपेने पुन्हा सुरू केला. निवृत्त झाल्यावर दोघा मित्रांनी ही परदेशी सहल ठरवली. हिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा हीच म्हणाली, "अक्कांना न्या. त्या कुठे गेल्यात आजवर?" मला वाटलं, झालं, रस्ता सापडला. तिकडे मोकळ्या हवेत सांगू. आधी तिच्या हातात काठी देऊ, मग सांगू. अपराधी माणसाला देणग्या फार सुचतात.

ती दरी बघून मी थिजलोच. चारी बाजूंना बर्फाचे डोंगर, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, हे सगळं कॅलेंडरवर असतं तसंच. पण मधलं मैदान मुद्दाम समुद्रकाठच्या उघड्या माळासारखं केलेलं होतं. एक झाड नाही. उंचवटे, वाळूचे खड्डे, गुडघाभर वाळलेलं पिवळं गवत आणि सुसाट वारा. एवढा खर्च करून, विमानं बदलून, मी भिंगारच्या माळावर येऊन उभा होतो. अक्का साडीवर स्वेटर आणि पायात माझ्या मुलीचे बूट घालून शेजारी उभी होती. ती म्हणाली, "टिटव्या नाहीत फक्त." त्या दिवशी ती एवढंच बोलली.

ती रोज आमच्याबरोबर चालायची. काठी मात्र हातात घेईना. "तुम्ही खेळा, मी बघते." मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज पहिल्याच फटक्याला चेंडू गवतात घालवायचो. रात्रीची झोप उडाली होती. मित्र म्हणाले, हवा मानवली नाही वाटतं.

चौथ्या दिवशी एका हिरवळीवर आमचे चेंडू पडले. आमचीच तुकडी त्या दिवशी पहिली होती, दव जाड होतं, त्यात आमची पावलं स्वच्छ दिसत होती. आम्ही पुढे निघालो आणि मागे वळून बघतो तर अक्का वाकून, हातातली शाल जमिनीवर ओढत, खड्ड्यापासून गोल गोल बाहेर येत होती. मागच्यांना कोरी जागा मिळावी म्हणून. मैदानावर देखरेख करणारी एक बाई छोट्या गाडीतून भरधाव आली आणि हात हलवून थांबा थांबा म्हणू लागली. मित्र पोट धरून हसले. आणि मीही हसलो. हसत हसत त्या बाईला इंग्रजीत म्हणालो की आमची बहीण खेड्यात राहते, तिला इथली रीत ठाऊक नाही. अक्काने शाल झटकली, घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. तिला इंग्रजी समजतं. चौतीस वर्षं तिने मुलांना शिकवलंय.

खरं म्हणजे ती रीत त्या अख्ख्या दरीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. हे मी त्या बाईला सांगू शकलो असतो.

शेवटच्या दिवशी मी तिच्या मागेच लागलो. एकदा मार, फक्त एकदा. तिने माझ्या हातून काठी घेतली. पहिला फटका हवेत गेला, दुसऱ्याने माती उडाली. तिसऱ्याला तो आवाज आला. कोरडा, लहान. चेंडू वाऱ्यात शिरला आणि पार पलीकडे जाऊन पडला. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. आता सांगायचं म्हणून मी पुढे झालो, तेवढ्यात तिने काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "झालं समाधान?" आणि चालू लागली.

हे सगळं डोक्यात घोळवत मी आज करंजी घाट उतरलो आणि तिसगावात पोचलो. अक्का ओसरीवर मटकी निवडत बसली होती. भावजी पाथर्डीला गेलेले, घरात ती एकटीच. तिने फोटो एकेक करून बघितले. "बरे आलेत," म्हणाली. "पिठलं टाकते, भाकरी झाल्याच आहेत. बस." ती उठायला लागली तसा मी म्हणालो, "अक्का, आधी ऐक." आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी.

ती पुन्हा खाली बसली. बराच वेळ ताटातली मटकी एका बाजूने दुसऱ्या बाजूला करत राहिली.

"तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"नाना. आई. आत्या."

"म्हणजे आईला माहीत होतं."

"हो."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना." तिचा आवाज चढला नाही. "मी म्हणायचे, नोकरीला भ्यायले. साहेब लोकांना भ्यायले आणि माझ्यावर काढलं. मी त्यांना भित्रा माणूस समजत आले रे. ते गेले तेव्हाही."

मी म्हणालो, "नाना शेवटी म्हणाले होते, सांगू नको. तुमचं दोघांचं नीट राहू दे म्हणाले."

"आणि तू त्यांचं तेवढंच ऐकलंस," अक्का म्हणाली.

मी चांगलं काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी लहान होतो."

"तेव्हा होतास. दवाखान्यात तू लहान नव्हतास. मी बाहेरच्या बाकावर बसले होते त्या दिवशी. दोन पावलांवर. आत येऊन मी एकदा नाना म्हटलं असतं."

मला खुर्ची दिसत होती, पण बसवेना. मी किल्ली या हातातून त्या हातात करत होतो. तिने ते पाहिलं.

"आज जेवायला थांबू नकोस," ती म्हणाली.

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. या घरातून मी कधी भाकरी खाल्ल्याशिवाय गेलो नाही. अर्ध्या तासासाठी आलो तरी, भावजींशी भांडण झालं होतं त्या वर्षीसुद्धा, तिने ताट वाढलंच होतं.

"पुन्हा कधीतरी ये तू," ती म्हणाली. "मी नको म्हणत नाही. पण आज तुला माझ्याच्यानं वाढवणार नाही."

ती ताट घेऊन आत गेली. दार तिने लावलं नाही. तव्यावर काही पडल्याचा आवाज आला नाही, भांडंही वाजलं नाही. मी चपला घातल्या, फाटकाशी थोडा वेळ थांबलो आणि गाडीत बसलो. घाट चढताना भूक लागली. रस्त्याला दोन-तीन हॉटेलं लागली, भजी तळत होते, पण मी गाडी थांबवली नाही. आज उपाशी जायचं, हे अक्काने ठरवलं होतं.